तेविसावा फोटो

वर्कशॉप पाच दिवसांचं होतं, पण किस्से इतके जमलेत, की चहाच्या टपरीवर कुणी नुसतं ‘रोल’ म्हटलं तरी मी सुरू होतो. आई म्हणते, “आते बस कर.” पण बस होत नाही.

अर्ज माझ्या भावानं, प्रकाशभाऊनं भरला होता. धरणगावात त्याचा फोटो स्टुडिओ. वर्तमानपत्रासाठी फोटो कसे काढायचे, ते शिकायला त्याला अमळनेरला जायचं होतं. त्याआधी तीन आठवडे एरंडोल रस्त्यावर ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली, तो जागीच गेला. अख्ख्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात एकच फोटो निघाला, शाळेच्या ग्रुपमधला, तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. आईनं फ्रेम आणून ठेवली होती, रिकामी.

त्याच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा, अर्धा वापरलेला रोल होता. आकडा तेवीसवर. त्यात तो कुठेतरी असेल, असं मला उगाच वाटत होतं. तो रोल मला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नव्हता. मी आठवी नापास, पण रोल धुणं तर हाताचं काम! कॅमेरा उचलला आणि एसटी पकडली.

* * *

वर्कशॉप एका शाळेत होतं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या देव सरांनी हजेरी घेतली. “प्रकाश पाटील?”

कुणीच बोलेना. मग मीच ओरडलो, “हजर!”

विचार नंतर केला. तोवर पाच दिवसांसाठी मी प्रकाश झालो होतो.

* * *

सरांचा पहिला नियम, माणसाचं मुंडकं कापायचं नाही. त्याच दुपारी भुसावळच्या सलीमनं घरून आणलेला, एका पुढाऱ्याचा भाषण करतानाचा फोटो दाखवला. हात, माईक, हार, सगळं होतं.

“डोकं कुठंय?” सर.

“सर, जेवढं होतं तेवढं घेतलं!”

सर हसले, पण फोटो फाडला. “मुंडकं कापलेला फोटो माझ्याकडे आणायचाच नाही!”

* * *

दुसऱ्या दिवशी आम्हाला बोरी नदीवर सोडलं. “जा, बातमी घेऊन या.” पंधरा जण कॅमेरे घेऊन धुणं धुणाऱ्या एका आजीभोवती उभे! आजीनं सगळ्यांकडे नीट पाहिलं. “फोटू काढाले इतला जन उनात, एक बी साबन लयना नही?”

साबण खरंच कुणी आणला नव्हता. बाकीच्यांनी रोल संपवले. मी एकच फोटो काढला. माझ्याकडे उरलेल्या तेराच जागा होत्या, आणि भाऊचा रोल काढून दुसरा घालायची माझी हिंमत नव्हती.

“प्रकाश, बोटाला काय झालंय तुझ्या?” सर म्हणाले.

“बोट नाही सर, खिशात विंचू आहे याच्या!” सलीम.

* * *

तिसऱ्या दिवशी डार्करूम. शाळेच्या एका खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला. सलीम अंधारात चाचपडत रोल डब्यात भरत होता. मी शेजारी. अंधारात मला एकदम भाऊला झाकलेली चादर आठवली. मी धाडकन दार उघडलं!

सलीमचा अख्खा रोल काळा ठिक्कर.

मला वाटलं, आता मार खातो. सलीमनं पट्टी उजेडात धरली. “चला, एक तरी बरं झालं. कुणाचं मुंडकं कापलेलं दिसत नाही!”

मला मात्र हसू येईना. हेच हात भाऊचा रोल धुणार होते. त्या संध्याकाळी सलीमला सगळं खरं सांगून टाकलं.

* * *

पाचव्या दिवशी सलीम डार्करूमच्या दाराला पाठ लावून बाहेर बसला. “आत कुणी येणार नाही. आणि तू मध्येच बाहेर आलास, तर तंगडी तोडीन!”

मी आलो नाही.

रोल आला. कापसाच्या गाड्या, बसस्टँड, पतंग धरलेली पोरं. बावीस फोटोंत भाऊ कुठेच नाही. तेविसाव्यात होता. शर्ट, पट्टा, कमरेवर ठेवलेले दोन हात. वर काहीच नाही.

मग आठवलं. बाजारात त्यानं कॅमेरा माझ्याकडे दिला होता. “थांब, आधी नीट धर...” तो म्हणेपर्यंत मी बटन दाबलंही होतं.

सरांनी ओला फोटो चिमट्यानं उचलला. “मुंडकं कापलंस. कोण हा?”

“प्रकाश.”

“आणि काढला कुणी?”

“मी. लहान भाऊ त्याचा.”

सरांनी तो फाडला नाही. वाळत घातला.

* * *

घरी आईनं फोटो दारात, उजेडात नेला. शर्टाच्या पांढऱ्या बटनांत तिसरं तेवढं काळं होतं, त्यावर बोट ठेवलं. “हाई मी टाकेल शे. धोयं बटन भेटनं नही, म्हनीसन कायं.” आणि फोटो फ्रेममध्ये घातला. हार घातला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे नाना आले. चष्मा पुसून बघितलं, परत पुसला.

“वहिनी, याले मुंडकंच नही!”

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “नाना, तुमले त्यानं तोंड माहीत नही का?”