टीव्हीचा आवाज कमी करा

लोकशाही आमच्या भाऊजींइतकी अंगात भिनलेला माणूस कुवेतच्या या अख्ख्या अबू हलीफा गावात दुसरा नव्हता, आणि गंमत बघा, मत द्यायची सोय त्यांना ना इथे, ना तिथे! नाशिक सोडून इथल्या रिफायनरीत आले आणि मतदार यादीतलं नाव गेलं. "अहो, मत घेऊ नका, पण माझं मत काय ते विचारा तरी!" असं ते जेवताना गरजायचे. ताई म्हणायची, "मीठ हवंय का, तेवढं सांगा."

सगळी भिस्त टीव्हीवरच्या रोजच्या हिंदी चर्चेवर. गच्चीवर डिश लागली तेव्हा चर्चेत एक सूत्रधार, दोन पिकलेले पाहुणे आणि पाण्याचे ग्लास. बजेटवर बोलतानासुद्धा "आधी आपण बोला" चालायचं. तेव्हा भाऊजीही काय समतोल! भेंडी की वांगं, दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे. पुढे पडद्यावर चार चौकटी आल्या, खाली बातम्यांची पट्टी धावू लागली, आणि भाऊजी ताईचं वाक्य अर्ध्यात तोडून "ब्रेकनंतर येतो तुमच्याकडे" म्हणत आंघोळीला जाऊ लागले! भाची ओरडायची, "बाबा, वन ॲट अ टाइम!" धुळीचं वादळ उठलं की हे तोंडाला पंचा बांधून डिश सरळ करायला गच्चीवर, आणि मी, खालच्या मजल्यावरचा मेहुणा, जिन्यात उभा राहून "चित्र आलं! गेलं!" करतोय.

मग कार्यक्रमात प्रेक्षकांचे फोन घेऊ लागले. भाऊजींचं बोट नंबर फिरवून फिरवून दुखायला लागलं. आणि एका शुक्रवारी चक्क लागला की हो! पडद्यावर ठळक अक्षरं, 'कुवेत'! ताई लाटणं घेऊनच धावली. सूत्रधार म्हणाला, "पहले टीव्ही की आवाज कम कीजिए." आली का पंचाईत! या माणसानं जन्मात कधी आवाज कमी केलेला नाही. घाईत भलतंच बटण दाबलं. फोनवर "हॅलो, कुवेत?" आणि टीव्हीवर कुणी बाई पनीर परततेय. फोन कटला. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत.

वर्षं गेली. चौकटी आठ झाल्या, पाहुण्यांनाच बोलायला मिळेना, तिथे प्रेक्षकांचे फोन कोण घेणार? ते बंदच झाले. परवा संध्याकाळी वर गेलो तर घर शांत. टीव्हीवर आठ तोंडं नुसती उघडमीट करताहेत आणि भाऊजींच्या मांडीवर फोन.

"आवाज गेला का हो?"

"कमी करून ठेवलाय," ते म्हणाले. "लागला फोन, तर पुन्हा गडबड नको."

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "आपल्यासोबत कुवेतहून आहेत भाऊजी. विचारा, भाऊजी."

ते घसा खाकरून सावरून बसले.