बाजारच्या दिवशीची साफसफाई

आमच्या घरात कॉम्प्युटर हौसेनं आला नाही. आप्पांच्या गळ्यातला आवाज डॉक्टरांनी काढून टाकला, म्हणून आला.

माझे वडील, आप्पा, एसटीत मेकॅनिक होते. आधी शिरूर डेपोत, मग बरीच वर्षं दौंडला, शेवटी परत शिरूरला. उभ्या जन्मात दारूला शिवले नाहीत, पण तंबाखू काही सुटली नाही. रिटायर झाले आणि घसा धरला तो धरलाच. पुण्याला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र गेलं, गळ्याला श्वासापुरतं एक भोक राहिलं. जीव वाचला ना, देवाचे आभार मान, असं भेटायला येणारा जो तो मला सांगायचा. मला मात्र त्या देवाचा रागच यायचा. ज्या माणसाची हाक डेपोच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची, तो माणूस ताटावर चमचा वाजवून पाणी मागायला लागला होता.

मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून तळेगाव ढमढेऱ्याला माहेरी आले होते आणि रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला लागले होते. माझ्याशी आप्पांचं अडत नव्हतं. कागदावर लिहून द्यायचे, मी वाचायचे. अडत होतं ते आईशी. आईला वाचता येत नव्हतं. तिच्या माहेरी मेंढरं. पोरपण सगळं कळपामागं रानोमाळ हिंडण्यात गेलेलं, शाळा कुठली पाहते! आप्पांनी पाटी-पेन्सिल आणली, तिचं बोट धरून चार-सहा दिवस गिरवून घेतलं. मग तिनं पाटी सरळ फळीवर ठेवून दिली.

"या वयात मला कशाला शिकवताय? तुमीच शिका परत बोलायला," म्हणाली.

मग आप्पांची चिठ्ठी मी तिला वाचून दाखवायचे. आमटीत मीठ कमी हाय, म्हशीला पाणी दाव, इथवर ठीक होतं. पण नवरा-बायकोचं सगळंच काही लेकीच्या तोंडून यायचं नसतं. एकदा आप्पांनी काहीतरी लिहून माझ्यापुढं धरलं, मी वाचायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच कागद ओढून घेतला आणि चुरगळला. "काय व्हतं गं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्या दिवशी दोघं समोरासमोर बसून मुकाट जेवली. मला ते घर खायला उठलं.

कंपनीतल्या एकानं सांगितलं की मराठीत टाईप केलं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचून दाखवतो. मोबाईलवरही ते होतं, पण आप्पांची दोन बोटं मागंच इंजिनच्या पट्ट्यात गेलेली, आणि उरलेल्या जाडजूड बोटांना त्या काचेवर एक अक्षर धड सापडेना. त्यात आईला ऐकायला कमी. म्हणून शिरूरच्या बाजारपेठेतून जुना डेस्कटॉप आणला, मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड आणि दोन दणदणीत स्पीकर. आप्पा महिनाभर एका बोटानं अक्षरं शोधत बसले. चिडायचे, टेबलावर हात आपटायचे, परत बसायचे.

आवाज पुरुषी होता, पण कोरडा, एकसुरी, ग्रामपंचायतीत नोटीस वाचून दाखवावी तसा. त्या आवाजात आप्पांचं पहिलं वाक्य घरात आलं, "अगं चहा ठेव." आई पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता रडायला लागली आणि चूल सोडून बाहेर अंगणात जाऊन बसली. त्या दिवशी चहा मीच केला.

तलाठ्याला, क्लार्कला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. आईनं त्या आवाजाला भाऊसाहेबच करून टाकलं. "काय म्हनत्यात आज भाऊसाहेब?" म्हणायची. पण उत्तर देताना तिनं कधी स्पीकरकडं पाहिलं नाही. ती आप्पांच्या तोंडाकडं बघूनच बोलायची. हळूहळू त्यांची भांडणंही पहिल्यासारखी सुरू झाली. आप्पांचं एक वाक्य टाईप होईस्तोवर हिची दहा बोलून व्हायची, आणि अकराव्याला मध्येच भाऊसाहेब बोलले की ही म्हणायची, "थांबा वो, माझं हुं द्या आधी." मी आतल्या खोलीत पडून ऐकायचे. मला त्या भांडणांनी इतकं बरं वाटायचं की विचारू नका.

ते बोलणं चालू राहणं सगळं त्या कॉम्प्युटरच्या पेटीवर होतं, आणि हे आप्पांनी माझ्याआधी ओळखलं. डेपोत गाडी बंद पडायची वाट बघत नाहीत. ठरल्या दिवशी ती दुरुस्तीच्या खड्ड्यावर घ्यायची, बघायची, आवळायची, पुसायची. आप्पांनी मशीनला बाजारचा दिवस नेमून दिला. कारण साधं होतं. त्या दिवशी आई पिशव्या घेऊन आठवडे बाजारात जायची, मग घरात मशीनवर बोलायचं कुणाशी?

बाजारच्या दिवशी माझीही सुट्टी असायची. आप्पा वायर काढायचे, पेटीचं झाकण खोलायचे, रंगाच्या ब्रशनं कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ काढायचे. पंख्याचं पातं एका बोटानं धरून सायकलच्या पंपानं फुंकर मारायचे. रॅमची पट्टी काढून तिची पिवळी कड खोडरबरानं घासायचे आणि खट्ट आवाज येईस्तोवर परत बसवायचे. कीबोर्ड उलटा करून झटकला की भाकरीचा भुगा, शेंगदाण्याची टरफलं, काय काय पडायचं. मग माझी पाळी. नको त्या फायली उडवायच्या, सुरू होताना आपोआप उघडणारी भानगड बंद करायची, व्हायरस तपासायचा. एखाद्या दिवशी मी कंटाळा केला तर आप्पा माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की झक मारत उठावं लागायचं.

धूळ आमच्याकडं काय कमी! घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या, जवळच गुऱ्हाळ, त्याची काजळी उंबऱ्याच्या आत. आईनं जुन्या मऊ धोतराची दोन फडकी शिवली होती. एक आप्पांच्या गळ्याला बांधायला, एक मशीनवर टाकायला. दोन्ही ती एकत्रच धुवायची.

आणि सगळं झालं की चाचणी. गाडी दुरुस्त केल्यावर एक चक्कर मारून आणतात तशी. आप्पा वाक्य आधीच टाईप करून एंटरवर बोट ठेवून बसायचे. दारात पिशव्यांची सळसळ झाली की बोट दाबायचे. "काय आनलं?" भाऊसाहेब विचारायचे. आई चपला काढता काढता सांगायला लागायची. मेथी आणली, गवार कवळी मिळाली, वांगी काय धड नव्हती, अमकीची सून भेटली, तमक्याच्या घरी आजारपण हाय. ते अर्धा-पाऊण तास चालायचं. मशीन व्यवस्थित चालतंय याची आप्पांना तीच खूण.

एवढं सगळं करणारा माणूस एका गोष्टीला मात्र हात लावू देत नव्हता. अपडेट. एकदा अपडेट झाल्यावर मराठी अक्षरंच उमटेनाशी झाली होती, आणि दुकानदार येईपर्यंत दोन दिवस घरात मुकेपणा होता. तेव्हापासून पडद्यावर ते आलं की आप्पा 'नंतर' दाबायचे. सकाळच्या फेरीला जी गाडी धड चालतेय तिचं इंजिन आदल्या दिवशी खोलायचं नाही, ही डेपोतली सवय अंगात मुरलेली. मी भांडायचे. आप्पा, साठत चाललंय ते, कधीतरी एकदम अंगावर येईल. त्यावर त्यांनी टाईप केलं, "आन् बिघडलं तर उद्या हिच्याशी बोलायचं कसं?" भाऊसाहेबांच्या कोरड्या आवाजात मी ते ऐकलं आणि माऊसवरचा हात काढून घेतला.

गेल्या थंडीत आईला दम लागायला लागला. पायांवर सूज आली. शिरूरच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, ठेवावं लागेल. आप्पा तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून राहिले. हातवारे करायचे, आईला वेगळंच काही कळायचं. त्यांना काहीतरी सांगायचं असायचं आणि ती बिचारी पाण्याची बाटली उचलून द्यायची. मी म्हटलं, आप्पा, लिहा, मी वाचते तिला. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद दिला, "मशीन आन."

मी भडकले. "दवाखाना हाय का डेपो हाय हा? लोक काय म्हणतील?" आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आणि कागदावरच्या त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली.

नर्सबाई चांगल्या होत्या. भेटायच्या वेळेत आणा, आवाज बेतानं ठेवा, म्हणाल्या. मी घरी येऊन मशीन बंद केलं. बंद होताना त्यानं जरा जास्तच वेळ घेतला, पण बंद झालं. घोंगडीत गुंडाळलं, स्पीकर पिशवीत, पडदा मांडीवर, आणि जीपनं शिरूर गाठलं. वॉर्डातली माणसं उठून बसून बघायला लागली. आईच्या उशाशी औषधांचं टेबल रिकामं केलं, वायरी जोडल्या. आप्पांनी स्टूल पुढं ओढलं, शर्टाला हात पुसले आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. 'अपडेट सुरू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.' खाली एक चक्र गरगर फिरत होतं.

"झालं का चालू?" आईनं विचारलं. मी म्हटलं, होतंय आई, थोडा दम धर. टक्के चढायचे आणि थांबायचे. परत चढायचे, परत थांबायचे. आप्पा कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते, ती उचललीच नाहीत. पडद्याचा निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. मला वाटत होतं त्या पेटीला लाथ घालावी. मशीन एकदा आपोआप बंद होऊन परत सुरू झालं, आम्हाला वाटलं सुटलो, तर परत तेच चक्र. आई आधी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, मग तिचे डोळे मिटायला लागले.

नर्सबाई आल्या. वेळ संपली, म्हणाल्या, पेशंटला आराम हवाय. आईनं डोळे उघडले. आप्पांच्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "घरी गेल्यावर बोला निवांत. मी कुठं पळून चाललीय?"

आप्पांचे ओठ हलले. चार-सहा वाक्यं होतील इतका वेळ हलले. आईला त्यातलं काय कळलं देव जाणे. मला एक अक्षरही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची फेरी व्हायच्या आत आई गेली.

मी कुणाकुणावर चिडले म्हणून सांगू! त्या पेटीवर चिडले, आप्पांच्या 'नंतर'वर चिडले, तिचं हृदय थकल्याचं इतक्या उशिरा कळलं म्हणून स्वतःवर चिडले. आप्पांना त्या दिवशी आईला काय सांगायचं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मशीन घोंगडीतच कोपऱ्यात पडून होतं. आप्पा त्याच्याकडं फिरकले नाहीत. मला कागदावर लिहून द्यायचे, तेही जेवढ्यास तेवढं. मग एका बाजारच्या दिवशी सकाळी मी उठून पाहते, तर त्यांनी पेटी जमिनीवर घेतलेली, झाकण खोललेलं, ब्रश, पंप, खोडरबर सगळं मांडून ठेवलेलं. मी आईच्या पिशव्या खुंटीवरून काढल्या आणि बाजारात निघाले. निघताना पाहिलं, तर पडद्यावर अपडेटचं काहीतरी आलं होतं आणि आप्पा 'आत्ता' दाबत होते. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. आता कितीही वेळ लागला तरी चालणार होतं.

बाजारात मी मेथी घेतली. गवार कवळी होती, तीही घेतली. घरी आले आणि दारात मुद्दाम पिशव्या वाजवल्या. चपला काढायला वेळ लावला. आत मशीन चकचकीत पुसून सुरू केलेलं होतं, पडद्यावरची रेघ लुकलुकत होती. इतकं झटपट चालणारं ते कधीच नव्हतं. आप्पा समोर बसले होते, हात मांडीवर.

मी उभीच राहिले. काही आवाज आला नाही.

मग आप्पांनी शेजारचा कागद ओढला, त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढं धरला. "काय आनलं?"

मला रडू आवरेना. "आप्पा, मशीनवर विचारा की," मी म्हटलं. "ऐकू तरी येऊ द्या घरात."

त्यांनी मान हलवली. कागद उलटा केला आणि लिहिलं, "तुला वाचता येतं."