धूप फिरल्यानंतरचा चहा

तुमच्या आईने काल फोनवर सांगितलं की तुमच्या शाळेची सहल फ्रान्समधल्या ल्यों शहराला निघाली आहे आणि बाईंनी तुम्हाला आतापासूनच बजावून ठेवलंय: दुकानात पाऊल टाकलं की आधी ‘बोंजूर’, मग काय हवं ते, ट्राममध्ये हळू बोलायचं, बाजारातली फळं चाचपायची नाहीत. त्यावर धाकट्याचा प्रश्न असा, की बाईंनी सांगितलं नाही असं काही समोर आलं तर काय करायचं?

मला त्याच ल्योंला गेलेली एक मुलगी आठवली. तिच्या निघण्याच्या दिवशी जे झालं ते सांगते, म्हणजे उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

तेव्हा मी रियाधला तुमच्या मामाकडे होते. मामाचं ऑफिस तिथल्या ओलाया भागात, मामीचंही तिथेच जवळ. दोघं सकाळी गाडीने निघून जात आणि मी घर आवरून पुस्तक घेऊन बसे. घर म्हणजे एका सौदी कुटुंबाच्या बंगल्याचा वरचा मजला. खाली घरमालकीणबाई, त्यांच्या सासूबाई आणि एक मुलगी. यजमान हफ्र अल बातिनला नोकरीला, सुट्टीत येणारे. बाईंना बेताचं इंग्रजी येई, मुलीला उत्तम. सासूबाईंना फक्त अरबी. त्या मला माझ्या नावाने कधी हाक मारत नसत; तिकडच्या रीतीप्रमाणे मामाचं नाव घेऊन ‘अमक्याची आई’ म्हणत. मुलगी मला ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणायची. मला ते आवडायचं.

मुलीला ल्योंच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. ज्या दिवशी दुपारी तिचं विमान होतं, त्या दिवशी सकाळी बाईंनी नात्यातल्या आणि शेजारच्या बायकांना कॉफीला बोलावलं होतं. मलाही. सकाळ मुद्दाम निवडली होती. बायका लवकर येऊन लवकर गेल्या की बाईंना लेकीबरोबर घरात थोडा वेळ मिळणार होता. तिच्या आवडीचा भात करून ठेवला होता, तो तिला जवळ बसवून भरवायचा आणि मग स्वतः गाडी चालवत तिला विमानतळावर न्यायचं. त्या दिवशी त्या बाईला एवढंच हवं होतं. मला हे नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

मामीने ऑफिसला जाताना मला तयार केलं होतं. “आई, कप उजव्या हातानेच घ्या. पुरे झालं की कप जरासा हलवायचा, नाहीतर त्या ओततच राहतील. आणि खजूर एक तरी घ्याच, डायबेटिसचं भाषण नको.” मामा दारातून म्हणाला, “आई कॉन्व्हेंटची आहे. तीच त्यांना शिकवून येईल.”

सगळं अगदी छान पार पडलं. भिंतीला लागून गाद्या, तक्के, फिकट सोनेरी कॉफीला वेलचीचा वास. मी कप हलवला तेव्हा सासूबाईंनी कौतुकाने मान डोलावली. कुणी मुलीच्या कपाळाचा मुका घेत होतं, कुणी पाकीट हातात कोंबत होतं. एवढ्या बायका एका वेळी बोलत होत्या, पण नवी बाई आत आली की सगळ्या उठून उभ्या राहत आणि ती प्रत्येकीला भेटेपर्यंत बसत नसत. वयाने सगळ्यात मोठ्या सासूबाईसुद्धा गुडघ्यावर हात टेकून उठत. मी हे पाहत होते आणि मनात म्हणत होते, याला म्हणतात वळण.

मग बाई आतून धुपाटणं घेऊन आल्या. निखाऱ्यावर उदाचं लाकूड, त्याचा दाट गोड धूर. प्रत्येक बाई तो धूर ओढणीखाली, केसांत, बाह्यांत घ्यायची. मलाही दिला. घेतला.

आता आपल्या घरात धूप कधी फिरतो? पूजा झाली, आता आरती, मग प्रसाद, अशा वेळी. मुलगी परगावी निघाली असेल तर औक्षण आणि हातावर दही. मी मनाशी म्हटलं, आत्तापर्यंत नुसती कॉफी झाली, मुख्य कार्यक्रमाला आता सुरुवात होते आहे. म्हणून तक्क्याला टेकून नीट मांडी घालून बसले.

बाकीच्या बायका मात्र उठल्या, मुलीला मिठ्या मारल्या, अबाया, म्हणजे बाहेर जातानाचे पायघोळ झगे, घातले आणि गेल्या. त्याचाही अर्थ मी लावला. त्या पाहुण्या, म्हणून गेल्या. मी एकाच छपराखालची, म्हणजे जवळजवळ घरची. घरच्या कार्याला घरच्यांनी थांबायचं असतं. आता उठणं बरं दिसणार नाही.

खोलीत आम्ही चौघी उरलो. बाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग हसल्या, आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. पुदिन्याचा ताजा चहा, सोबत बदाम-पिस्ते. त्यांनी मामाची चौकशी केली, मामीची केली, तुमचीही केली. पुण्यात थंडी असते का, विचारलं. मीही सविस्तर सांगितलं. मध्ये एकदा म्हणाले, “मी उगाच तुमचा वेळ तर घेत नाही ना?” तर त्या म्हणाल्या, “तुम्ही आलात म्हणून घराला शोभा आली.” आणि माझा कप पुन्हा भरला.

त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मुलीनेही नाही. बॅगा दाराशी उभ्या होत्या. आतून भाताचा केशरी वास येत होता. मी वाट पाहत होते, त्याही वाट पाहत होत्या.

शेवटी सासूबाई काहीतरी पुटपुटल्या. बाई आत गेल्या, एक डबा कापडात बांधून घेऊन आल्या आणि दुसऱ्या हातावर माझा अबाया नीट घडी करून. तो माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “आम्ही हिला सोडायला निघतोय. तुम्ही येता का? तिला आवडेल.”

मी कृतकृत्य झाले. मला वाटलं, हाच तो मुख्य कार्यक्रम.

गाडी बाई चालवत होत्या, शेजारी त्यांनी मला बसवलं. मागे आजी आणि नात. रस्त्यात मामाचा फोन.

“आई, कुठे आहेस?”

“विमानतळावर चालले आहे.”

“का?”

“सोडायला.”

“कॉफीला गेली होतीस ना तू?”

“झाली कॉफी. आता फोन ठेव, गाडीत मोठ्याने बोलणं बरं नाही.”

मागे मुलगी खुदकन हसली. मला वाटलं, तिचं मन जरा रमवावं. म्हणून विचारलं, “ल्योंमध्ये कसं वागायचं ते शिकलीस का गं?” ती उत्साहाने सांगू लागली. दुकानदाराला आधी नमस्कार, नाहीतर तो तुम्हाला उद्धट समजतो. अनोळखी माणसाला पगार, लग्न विचारायचं नाही. जेवायला बोलावलं तर अगदी ठोक्याला जायचं नाही, थोडं उशिरा जायचं, म्हणजे घरच्यांची तारांबळ होत नाही.

“उशिरा?” मी म्हटलं. “मुद्दाम?”

“हो, खाला. तोच तिथला शिष्टाचार आहे.”

“मग मी तिथे रोज नापास होईन.”

“पोचायचं कधी हे सगळे शिकवतात,” ती म्हणाली, “पण निघायचं कधी ते कुणीच सांगत नाही. मला त्याचीच भीती वाटते. आपल्याकडे किती सोपं आहे. ऊद फिरला की उठायचं. तिथे कसं...”

आणि ती एकदम गप्प झाली.

 मी समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. उठलेल्या बायका. बाई क्षणभर उभ्या राहिल्या होत्या ते. चहा. भाताचा वास. माझ्या पायाशी ठेवलेला डबा.

“ऊद फिरला की उठायचं?” मी हळूच विचारलं.

 बाईंनी नजर रस्त्यावरून न हलवता उत्तर दिलं, इंग्रजी शब्द जुळवत, सावकाश: “ते पाहुण्यांनी. तुम्ही वरच्या मजल्याच्या. घरच्यांना तो नियम नाही.”

सासूबाईंनी काय चाललंय म्हणून नातीला ढोसलं. तिने अरबीत सांगितलं. म्हातारीने मांडीवर हात मारला आणि इतकी हसली की खोकला लागला. मग काहीतरी म्हणाली. मुलगी भाषांतर करीना.

“सांग गं,” मी म्हटलं.

“आजी म्हणते, मला वाटलं हिला आपला चहा फारच आवडला. म्हटलं, आता हिच्यासाठी अजून एक किटली चढवावी लागणार.”

मग आम्ही सगळ्याच हसलो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर बाईंनी गियरवरचा हात उचलून माझ्या हातावर ठेवला आणि विमानतळावर कुठल्या बाजूला वळायचं ते मुलीला विचारू लागल्या. विषय संपला.

त्यांच्यासाठी संपला. माझ्यासाठी नाही. मी मनात हिशेब मांडला. घरातला वेळ मी संपवला होता. आता जो काही उरला होता तो इथलाच.

बॅगा देऊन झाल्या. आत जायला अजून थोडा अवकाश होता. बाई आम्हा सगळ्यांना घेऊन कॉफीच्या दुकानाकडे वळल्या, मला काय हवं ते विचारू लागल्या. म्हणजे पुन्हा मी पाहुणी आणि त्या यजमान. मी म्हटलं, “तुम्ही दोघी तिकडे बसा. मी सासूबाईंजवळ थांबते.”

“नाही नाही, तुम्हाला एकटं सोडून कसं...”

“आत्ताच तुम्ही म्हणालात मी घरची. मग घरच्या माणसाला काहीतरी काम द्याल की नाही?”

 सासूबाईंना मुलीने सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी माझा दंड धरला, मला बाकावर खाली ओढलं आणि सुनेला हाताने उडवून लावत म्हणाल्या, “यल्ला, यल्ला.”

दोघी थोड्या लांबच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. बाईंनी कापडाची गाठ सोडली, डबा उघडला आणि भाताचा घास लेकीच्या तोंडाशी नेला. मुलीने आजूबाजूला पाहिलं, लाजली आणि मग तोंड उघडलं.

आम्हा दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी त्यांची तसबी, म्हणजे जपमाळ, काढली, मी पर्समधली बडीशेप काढून त्यांच्या तळहातावर घातली. मी पुन्हा त्या खुर्च्यांकडे बघायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला हलकेच दुसरीकडे वळवलं. मग आम्ही दोघी ट्रॉल्या ढकलणारी माणसं बघत बसलो, ती मुलगी निरोप घ्यायला आमच्यापुढे येऊन उभी राहीपर्यंत.