छगनने वाघाच्या वतीने दिलेला शब्द

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस जवळ आली की छगनला अन्न गोड लागत नसे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. तिथल्या गुराख्यांत वाघ व्हायचा मान त्याचा. अंगाला पिवळी माती फासायची, तिच्यावर काजळीचे पट्टे ओढायचे. मग तो शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापुढे ओणवा बसे. गुराखी विचारत, "आमच्या शिवारात येशील का?" तो म्हणे, "न्हाई." लगेच सगळे आरोळ्या ठोकत त्याला शिवेपलीकडे पिटाळत. तेवढ्यावर वाडीची गुरं वर्षभर निर्धास्त चरत.

छगनचं 'न्हाई' गाजलेलं होतं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

बहात्तर सालचा पावसाळा सरला आणि फॉरेस्टचा गार्ड वाडीत आला. "ढाण्या वाघ मारायला आता कायद्याने बंदी आहे," त्याने बजावलं.

छगनची चुलतभावजय गोजरबाई फटकन म्हणाली, "मारायला आदी वाघ तरी दावा की, सायेब!"

सगळे हसले. छगन हसला नाही. ढाण्याची डरकाळी ऐकून किती वर्षं झाली, त्याला आठवेना. जीपवाले शिकारी येऊन गेले होते. वाघाने मारलेल्या गुरांवर वाडीतल्याच लोकांनी विषारी औषध शिंपडलं होतं. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्याच्या मनाने वेगळंच घेतलं. दर साली आपण वाघ होऊन 'न्हाई' म्हणालो. वाघोबाने ते खरं धरलं. आपणच त्याला घालवला.

त्या दिवसापासून तो एका जागी ठरेना. गुरं सोडून डोंगर चढे, ओढ्याच्या वाळूत माग शोधी, तसाच परते. अर्ध्या भाकरीवरून उठे.

"भावजी, सोंग अंगात शिरलं का काय?" गोजरबाई म्हणाली. "जरा मानसावानी बसा."

वाघबारसेला त्याने पट्टे ओढले. थोरला गुराखी सहादेव पुढे झाला.

"आमच्या शिवारात येशील का?"

छगनने वाघोबाच्या दगडाकडे पाहिलं.

"छगन्या, बोल की! वाघोबाची खीर गार हुतीय."

"येईन," छगन म्हणाला.

कुणी आरोळी ठोकली नाही. येतो म्हणणाऱ्याला पिटाळायचं कसं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"त्वांड सांभाळ," सहादेव म्हणाला. "वाडीची गुरं हायती."

"माजी बी हायती."

दिवाळी सरता सरता गोजरबाईची कालवड गेली. ओढ्याकाठी अर्धी खाल्लेली सापडली. सगळी वाडी छगनच्या दारात आली.

"बोलावलंत न्हवं? आला तुमचा पावना!" गोजरबाई रडत होती.

छगन ओढ्याकडे धावला. त्याला आनंद लपवता येईना. त्याची लाजही वाटत होती.

ओल्या वाळूत माग उमटला होता. त्याने त्यावर तळहात ठेवला. माग हाताखाली पुरता झाकला गेला; ढाण्याचा झाकला गेला नसता.

"बिबट्या," तो स्वतःशीच म्हणाला. बराच वेळ त्याने हात उचलला नाही.

मग घरी येऊन त्याने आपली कालवड सोडली आणि गोजरबाईच्या गोठ्यात नेऊन बांधली.

"बिबट्यानं न्हेली, वयनी."

"मग तुमी का भरून देता?"

"येईन म्हनलं हुतं म्या."

त्याने काठी उचलली.

"आता कुटं निघालात?"

"पल्याडच्या खोऱ्यात," छगन म्हणाला. "तितं वाघाच्या वतीनं कुनी न्हाई म्हनलं नसंल."