दवा चोपडलेला रॉड

कारध्याचा पूल आला तशी बसमधल्या सगळ्यांनी नदीकडं मान वळवली. रुखमिणीनं नाही वळवली. दवाखान्यापायी वर्षभर लाखनी-भंडारा करून नदीसुद्धा तिला नकोशी झाली होती. उजव्या पायाभोवती लोखंडी चौकट, तिच्यावर जुनं लुगडं गुंडाळलेलं.

"मी हो म्हणणार नाई. आत्ताच सांगून ठेवते," ती नवऱ्याला म्हणाली.

"मले सांगून का फायदा? डाक्टरीनबाईले सांग," नत्थू म्हणाला.

मागच्या पावसाळ्यात घसरून तिच्या नडगीचं हाड मोडलं. आत रॉड बसला. टाके निघतात न निघतात तोच रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पहिली जुडी घरच्या बाईनंच पाणी भरल्या बांधीत लावायची, हा गावचा रिवाज. सून मेघा नवी. तिच्या हाती कसं द्यायचं? रुखमिणीनं युरियाच्या थैलीचं प्लास्टिक गुडघ्यापर्यंत बांधलं आणि चिखलात उतरली. एकच जुडी म्हणता म्हणता अख्खी ओळ लावून आली. चिखल प्लास्टिकच्या आत. पंधरवड्यात जखमेतून पू. रॉड काढावा लागला, मग जखम धुणं, इंजेक्शनं, ही चौकट.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आज नवा रॉड समोर ठेवला. "पू आटलाय, मावशी. आता हा टाकू. याच्यावर थर आहे. त्यातलं औषध जंतूंना ठाण मांडू देत नाही, आणि हाडालाही धरून वाढायला मदत होते."

"धानाच्या बिजाईले दवा चोपडतो, तसंच ना जी?" नत्थूनं विचारलं. "बुरशी नाई लागत अन् कोंबही जोरात येते."

"साधारण तसंच."

"दवा लावलेलं बीही सडते," रुखमिणी म्हणाली. "बांधीत पाणी तुंबलं का सडतेच."

"म्हणूनच सांगते. थर राखण करतो ती सुरुवातीची. पाय पुन्हा चिखलात गेला तर माझा इलाज नाही. यंदा बांधीत उतरायचं नाही."

"अन् रॉड नाई टाकला तं?"

"हाड जुळणं कठीण. काठी सुटेल असं मला वाटत नाही."

रुखमिणीनं चौकटीवरचं लुगडं सारखं केलं. पायाला पुन्हा चिरा द्यायचा, पुन्हा ती खाट, पुन्हा दुसऱ्याच्या हातचं पाणी.

"बांधीच्या काठाले, धुऱ्यावर बाज टाकून देतो," नत्थू हळूच म्हणाला. "तिथून शिव्या देत राहजो सगळ्याईले."

ती हसली नाही. "मेघाले फोन लावा."

फोन लागला. "पोरी, यंदा पहिली जुडी तुले लावा लागते."

"मले? अवं आई, माझी ओळ वाकडी जाते म्हणता ना तुमी?"

"जातेच. जाऊ दे."

फोन नत्थूच्या हातात देऊन ती मागं टेकली. "टाका जी तुमचा रॉड," डोळे मिटून म्हणाली. "थकली मी आता."