स्त्रीपार्टी कुंडलिक राऊळ

माझे काका कुंडलिक राऊळ भांडुपच्या आमच्या चाळीत तीस वर्षं राणी होते. रंगमंचावर, अर्थात. चाळीत बहुतेक सगळे मालवणी, गिरण्यांत कामाला आलेल्यांची मुलं-नातवंडं, आणि आमचं स्वतःचं दशावतारी मंडळ होतं. दशावतारात बायकांच्या भूमिका पुरुषच करतात, त्या नटाला स्त्रीपार्टी म्हणतात. काकांसारखा स्त्रीपार्टी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुठल्याच मंडळाकडे नाही, असं माझे बाबासुद्धा छाती काढून सांगायचे.

प्रयोगाच्या दिवशी दुपारपासून चाळीतल्या बायका आपापली ठेवणीतली साडी घेऊन आमच्या दाराशी यायच्या. कुंडलिकाने आपलीच नेसावी म्हणून त्यांच्यात भांडणं व्हायची. शेवंतीकाकू तर एकदा रुसून नाटकालाच आली नव्हती. राणी वनवासाला निघाली की काका बोलायचे कमी. राजवाड्याकडे तोंड करून, एक एक पाऊल मागे टाकत नाचायचे, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसायच्या.

उरलेलं वर्ष ते पवईच्या एका मोठ्या ऑफिसात पॅन्ट्रीत चहा-कॉफी करायचे. अंगाने बारीक, कपडे कडक इस्त्रीचे, आवाज हळू. लग्न केलं नव्हतं. आमच्याच खोलीत, पोटमाळ्यावर त्यांची गादी. आजी होती तोवर कोणी लग्नाचा विषय काढला की ती म्हणायची, "देवाचा काम करता तो. तेका ऱ्हवंदे तसोच."

मंडळाचा मृदंग वाजवायचे खंडूकाका. पलीकडच्या चाळीत राहायचे, मुलुंडच्या एका कारखान्यात वेल्डर होते. बायको जानकी, दोन मुली. दर रविवारी दुपारी खंडूकाका आणि काका मंडळाच्या खोलीवर तालमीला जायचे, प्रयोग असो वा नसो. मी बारावीत असताना एकदा आईने तिथे डबा द्यायला पाठवलं. दार लोटलेलं होतं. मृदंग कोपऱ्यात, गवसणी न काढलेला. खंडूकाका काकांच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपले होते आणि काका वर्तमानपत्राने त्यांना वारा घालत होते. मला बघून ते हलले नाहीत. फक्त ओठांवर बोट ठेवलं. मी डबा उंबऱ्यात ठेवला आणि घरी येऊन काही बोलले नाही. पुढेही कधी बोलले नाही.

दोन हजार बावीसच्या जूनमध्ये काका ऑफिसातून आले ते सुजलेली बोटं घेऊन. दिवसभर फुगे बांधत होते. पॅन्ट्रीत सात रंगांची पताका लावली होती, कपांवरही तेच रंग.

"ह्यां कसला गो असता?" त्यांनी विचारलं.

आई-बाबा घरात नव्हते. मी सांगितलं. पुरुषाला पुरुष आवडतो, बाईला बाई आवडते, कोणी जन्माला मुलगा म्हणून येतो पण ती मुलगी असते, अशा सगळ्यांचा तो झेंडा. आता कायद्यानेही गुन्हा नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि पोटमाळ्यावर गेले.

डिसेंबरात माझा कॉलेजातला मित्र मिहिर नाचाची एक संध्याकाळ ठरवत होता. विलेपार्ल्यात एका बागेतला खुला रंगमंच मिळाला होता. नाचणारे सगळे क्वियर. मिहिर स्वतः गे, घरी सांगून टाकलेला, बिनधास्त. मी घरी सहज बोलले तेव्हा काका तिथेच होते. दोन आठवड्यांनी जेवताना, आई आत गेलेली बघून त्यांनी विचारलं, "तिथे वय बघतत काय?"

मला आनंद झाला. किती आनंद झाला ते आठवलं की आज लाज वाटते. मी त्याच रात्री मिहिरला फोन केला. तो म्हणाला, "दशावतार? झकास! आण ना त्यांना." नंतर जे झालं त्याची सुरुवात मी करून दिली, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

मृदंगाचं काय, हा प्रश्न काकांनीच सोडवला. "खंडू येतलो," ते म्हणाले. "पण दिसाचो नाय."

जानेवारीतला शनिवार होता. आई-बाबांना मी सांगितलं की काकांना पार्ल्याला एका मैत्रिणीच्या सोसायटीच्या कार्यक्रमात बोलावलंय. साडेपाचला आम्ही पोचलो तेव्हा मंचावर पाणी मारून झाडू फिरवला होता. दोन-अडीचशे माणसं पायऱ्यांवर बसली होती. त्यात तरुण मुलं, काही आई-बाप, पार्ल्याचे दोन-तीन पेन्शनर, बहुधा रोजच्या फेरीला आलेले. खंडूकाका बाजूच्या काळ्या पडद्यामागे खुर्ची घेऊन बसले. मंचावरून त्यांचा फक्त उजवा बूट दिसत होता. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी तोही आत ओढून घेतला.

आधी दोन मुली एकत्र कथक नाचल्या. मग घाटकोपरची शर्मिष्ठा लावणी नाचली. ती जन्माने मुलगा. पाय जमिनीला लागत नव्हते असं नाचली. काका विंगेतून टक लावून बघत होते. ती आत आल्यावर त्यांनी तिला नमस्कार केला आणि ती इतकी गोंधळली की तिने वाकून त्यांचे पायच धरले.

काका त्या दिवशी साडी नेसले नव्हते. पांढरा लेंगा-झब्बा, कपाळाला काही नाही, डोळ्यांत काजळही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आज कुंडलिकच जातलो." आणि तीच वनवासाला निघालेली राणी नाचले. तेच मागे मागे सरकणं. पण पदर नाही, दागिने नाहीत, छप्पन वर्षांचा टक्कल पडलेला पुरुष घर सोडून चाललाय असं दिसत होतं. पडद्यामागून मृदंग असा वाजत होता की मला वाटलं हे दोघं इथे आम्हाला विसरून गेलेत. शेवटच्या तिहाईला काका थांबले. मग सगळे उभे राहिले.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माईक पुढे केला आणि विचारलं, काका, किती वर्षं नाचताय? त्यांनी एवढंच उत्तर दिलं असतं तर चाललं असतं. पण ते म्हणाले, "तीस वर्सां बायलमाणूस होऊन नाचतंय. तेव्हा कोणी काय इचारूक नाय. आज इचारल्यात म्हणान सांगतंय. माका बापयेच आवडतत."

बापये म्हणजे पुरुष, हे पार्लेकरांना कळायला दोन सेकंद लागले. कळल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. काका हसले. त्यांचं तसं हसणं मी आधी बघितलं नव्हतं. पडद्यामागे गेले तेव्हा खंडूकाका मृदंग गवसणीत घालत होते. "कित्याक बोललंस?" ते म्हणाले. एवढंच.

व्हिडिओ कोणी काढला ते मला आजही माहीत नाही. वाईट हेतूने नसावा, खाली लाल बदाम होता. मंगळवारपर्यंत तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. रविवारी मंडळाने बैठक बोलावली. खोलीत जागा नव्हती, म्हणून बायका आणि मी बाहेर दाराशी उभ्या होतो. काका आत भिंतीला टेकून बसले होते, बाबा त्यांच्यापासून चार माणसं सोडून.

सेक्रेटरी विद्याधर परब हा काही राक्षस नव्हता. त्याच्या लग्नात काका नाचले होते. तो म्हणाला, "कुंडलिकदादा, तुमच्या कलेबद्दल कोणाला काही म्हणायचं नाही. पण हे देवाचं काम आहे. आपल्या घरातल्या साड्या तुम्ही नेसता. बायका उद्यापासून द्यायच्या नाहीत."

मी शेवंतीकाकूकडे बघितलं. तिने नजर खाली घातली.

"नाच सोडतंय," काका म्हणाले. "रंगपट बघतंय. पोरांका रंगवतंय."

"पोरांना तर नकोच," मागून कोणीतरी म्हणालं, आणि एक-दोघं हसले. काकांची मान तेव्हा खाली गेली. तोवर ती ताठ होती.

मग विद्याधरने मोबाईल वर धरला, व्हिडिओ लावला आणि विचारलं, "हा मृदंग कोणाचा?"

मंडळातल्या प्रत्येकाला तो हात ओळखता येत होता. तीस वर्षं ऐकलेला हात. खंडूकाका खिडकीजवळ बसले होते. दारात माझ्या शेजारी जानकीकाकू उभी होती. तिने चौकट घट्ट धरली होती.

"खंडू?" विद्याधर म्हणाला.

"माका काय म्हायत?" खंडूकाका म्हणाले. "मिया खय गेल्लंय?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते विद्याधरला म्हणाले, "मोबाईलार लावललंय. जुन्या प्रयोगाचा रेकॉर्डिंग होता."

सगळ्यांना कळलं की हे खोटं आहे. पण महाशिवरात्रीचा प्रयोग तोंडावर होता. राणीचं काम कोणी नवीन करू शकलं असतं, मृदंगावर दुसरा माणूस नव्हता. विद्याधरने मोबाईल खिशात टाकला आणि म्हणाला, "बरं. विषय संपला."

त्या रात्री बाबा काकांना म्हणाले, "दुसरी खोली बघ. श्रुतिकाचं लग्न व्हायचंय." मी तिथेच होते. माझं नाव घेऊन हे चाललं होतं. मी "माझ्या लग्नाचं मी बघीन" एवढं म्हणू शकले असते. मला नोकरी होती, पगार होता, तोंड होतं. मी ताटं उचलून मोरीत नेली. काका दहा दिवसांनी मुलुंडला टेकडीखालच्या एका चाळीत भाड्याने राहायला गेले. सामान एका रिक्षात मावलं.

खंडूकाका एकदा तिथे गेले. हे मला काकांनीच पुढे सांगितलं. दारात उभे राहून रडले, म्हणाले, पोरींची लग्नं आहेत रे, मी काय करणार होतो. काकांनी त्यांना चहा करून दिला. खंडूकाकांनी तो उभ्यानेच प्यायला. "बस म्हणूक व्हया होतां," काका मला म्हणाले. "म्हणूक नाय." त्यानंतर ते दोघं भेटले नाहीत. मिहिरने पुढच्या वर्षी पुन्हा संध्याकाळ करायचं ठरवलं, पण बागेची परवानगी ऐन वेळी नाकारली गेली. तो बंगलोरला नोकरीला गेला.

दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरात खंडूकाका कारखान्यातच कोसळले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "किती वाजता नेतत?"

ते आले तेव्हा खाली पटांगणात तिरडी बांधत होते. मंडळाची सगळी माणसं होती. काकांसाठी जागा झाली, पण ती त्यांना आत घेण्यासाठी नाही, त्यांच्यापासून लांब सरकण्यासाठी. ते प्रेताच्या पायाशी गेले, वाकले आणि उठेचनात. खांदे हलत होते. आवाज नव्हता. मी पुढे होणार, तेवढ्यात जानकीकाकू बायकांतून उठून आली. विद्याधर तिला अडवायला गेला, तिने त्याचा हात झटकला. मला वाटलं ती काकांना मारणार.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. रडून रडून घसा बसला होता.

"अठ्ठावीस वर्सां दर रविवार तुमका दिलो," ती म्हणाली. "एक शब्द बोलूक नाय. आज तरी माका एकटीक रडाक द्या."

काकांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. मला वाटतं, तोवर त्यांनी तिला कधी नीट बघितलंच नव्हतं. मीही नव्हतं. आम्हा दोघांच्या डोक्यात ही गोष्ट नेहमी दोन माणसांची होती. काकांनी हात जोडले, "व्हय, वैनी," म्हणाले, आणि उठून गेटकडे चालायला लागले. स्मशानात गेले नाहीत. मी त्यांच्यामागे स्टॉपपर्यंत गेले. बस आली, ते चढले, आणि खिडकीची जागा रिकामी असून दांडा धरून उभे राहिले.

यंदा मे महिन्यात ऑफिसने पॅन्ट्रीचं काम एका एजन्सीला दिलं आणि काकांना थांबवलं. आता एका लग्नाच्या हॉलमध्ये ताटं पुसायला जातात. बाबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलंय. मी लग्न केलेलं नाही, त्याचंही खापर घरात त्यांच्यावरच फुटतं. मी महिन्यातून एक-दोनदा मुलुंडला जाते. ते भात लावतात, मी बाजारातून बांगडे नेते, आम्ही जेवतो. मागच्या खेपेला मी धीर करून म्हटलं, "काका, मी तुला पार्ल्याला न्यायला नको होतं."

त्यांनी काटे ताटाच्या कडेला लावले.

"तू नेलंस म्हणान गेलंय काय मी?" ते म्हणाले. मग उठून त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.