ताराचं गाणं जुळवताना

माझा धाकटा भाऊ मोरोपंत अमरावतीच्या कोर्टात वकील. तिथं तो भल्याभल्यांची बोलती बंद करायचा. घरी मात्र त्याला दोन यंत्रं एकदम सुरू करता येत नव्हती, आणि बोलणी खायची मी!

त्याची बायको तारा गेल्यापासून दर रविवारी तेच. भिंतीवर चादर, प्रोजेक्टरमध्ये ताराचं रीळ, शेजारी टेपरेकॉर्डर. रीळ मुकं, गाणं टेपवर. दोन्हींवर खुणा केलेल्या. खुणा जागेवर आल्या की मोरू "हं" म्हणणार आणि मी टेपचा खटका दाबणार. प्रोजेक्टर मेला म्हाताऱ्या बैलासारखा, आधी कुरकुरणार, मग चालणार. टेप लगेच पळायचा. जरा थांबून दाबलं तर "अक्का, उशीर!" लगेच दाबलं तर "अक्का, घाई!" अरे बाप्पा, मी करू तरी काय? जीव विटला होता माझा. पण नाही म्हणवत नव्हतं. ताराला एकदा तरी गाताना बघायचं, एवढंच त्याला हवं होतं.

त्रेसष्टच्या दिवाळीतलं ते रीळ. कॅमेऱ्याच्या खडखडाटात समोरचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून त्यानं आधी गाणं टेपवर घेतलं आणि मग तेच तिला कॅमेऱ्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. फराळाचं करून दमलेली, तरी उभी राहिली बिचारी.

तिच्या वर्षश्राद्धाला धामणगावहून आमची चुलतबहीण बेबी आली. लहानपणी टायफॉईडनं तिचे कान गेले. ओठ बघून ती बोलणं ओळखते. संध्याकाळी मोरूनं रीळ लावलं, मी खटका दाबला. पुन्हा चुकलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"काहून चिडून राहिला हा?" बेबीनं मला विचारलं.

"तिचं गाणं जुळत नाही," मी तिच्याकडे तोंड करून सांगितलं.

"ती कुठं गाऊन राहिली?" बेबी नेहमीसारखी मोठ्यांदा म्हणाली. "ती म्हणते, 'अहो, थकले मी. किती वेळ उभी ठेवता? बसू द्या ना आता.'"

मोरू लहान पोरासारखा रडायला लागला. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मी दिवा लावायला उठले तर म्हणाला, "राहू दे, अक्का."

त्यानं टेप बंद केला, रीळ पुन्हा लावलं आणि बेबीला पडद्याजवळ बसवलं. ताराचे ओठ हलले, तशी बेबी बोलू लागली, "अहो, थकले मी..."

"बस गं," मोरू पडद्याकडे बघत म्हणाला. "बस आता."